अल्बममधल्या चांदीचा प्रवास

मोबाइलवर फोटो सजवणाऱ्या ॲपमध्ये ‘जुना काळ’ अशा अर्थाचा एक फिल्टर असतोच, आणि तो लावला की कालच काढलेला फोटोही तपकिरी होऊन बसतो. या फिल्टरच्या मुळाशी एक समजूत आहे. फोटो मुळात काळापांढरा असतो आणि झाडाचे पान पिकावे तसा तो वयोमानाने आपोआप पिवळा पडत जातो, अशी ती समजूत. तिच्यात दोन चुका आहेत. साधारण १८५५ ते १८९० या काळात कागदावर छापलेले बहुतेक फोटो पहिल्या दिवसापासूनच तपकिरी किंवा जांभळट तपकिरी होते. म्हातारपणाने त्यांचा रंग बदललेला नाही. दुसरी चूक ‘आपोआप’ या शब्दात आहे. नीट धुतलेला आणि कोरड्या, थंड जागी ठेवलेला कृष्णधवल फोटो शंभर वर्षांनंतरही काळापांढराच राहू शकतो. तो पिवळा पडला असेल तर कशाने तरी त्याला पिवळे केलेले असते, आणि तो गुन्हेगार पुष्कळदा अल्बममध्येच, फोटोच्या मागे किंवा समोर, दबा धरून बसलेला असतो.

हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो आमच्या घरातले तीन अल्बम एका अभिलेखागाराला देण्याचे ठरले तेव्हा. पहिला अल्बम काळ्या जाड पानांचा, रेशमी दोरीने बांधलेला. त्यातले फोटो कागदी कोपऱ्यांत अडकवलेले आणि दोन पानांच्या मध्ये कोळ्याच्या जाळ्याची नक्षी असलेला पारदर्शक कागद. त्यात १९३०च्या दशकापासूनचे स्टुडिओतले फोटो आहेत. दुसरा १९६०च्या दशकातला. त्यातले बहुतेक चौकोनी फोटो आग्फा क्लिक थ्री या कॅमेऱ्याने काढलेले, एका रोलमध्ये बारा. तिसरा १९७८ सालच्या एका लग्नाचा, रंगीत, चिकट पानांवर प्लॅस्टिकचा पडदा ओढून बंद केलेला. वयाचा आणि प्रकृतीचा संबंध माणसांत असतो तसाच फोटोंतही असावा, असे गृहीत धरून मी पहिल्या अल्बमची काळजी करत होतो. तिथल्या संवर्धक बाईंनी मात्र सर्वांत आधी तिसरा अल्बम उचलून बाजूला ठेवला आणि ‘हा आजारी आहे’ असे सांगितले. त्याचे कारण पुढे येईलच.

मग त्यांनी पहिला अल्बम उघडला, खोलीतला दिवा मालवला, टेबलावरचा दिवा फोटोच्या पातळीत खाली आणला आणि पान किंचित तिरपे धरले. समोरून पाहताना पणजोबांचा काळा कोट नुसताच काळा दिसत होता. तिरप्या उजेडात तोच कोट आणि फोटोच्या चारी कडा निळसर, धातूसारख्या चमकू लागल्या, जणू कोणी त्यांवर पाऱ्याचा हात फिरवला होता. आमच्या घरात ही चमक अगदीच अपरिचित नव्हती. याच फोटोची एक प्रत चौकटीत लावलेली होती आणि तिच्या कडेने उमटलेल्या रुपेरी वलयाला एक वयस्क नातेवाईक ‘पुण्याईचे तेज’ म्हणत व पितृपक्षात मुलांना ते मुद्दाम दाखवत. पणजोबांच्या पुण्याईविषयी मला शंका नाही, पण हेच तेज त्यांच्या मागे ठेवलेल्या लाकडी कुंडीवरही चढले होते. हयातभर रसायनशास्त्र शिकवल्यामुळे मला त्या तेजाचे सूत्र ठाऊक होते. परंतु ते आपल्याच घरातल्या कोटावर पाहण्याची वेळ पहिल्यांदाच आली होती. ही चमक म्हणजे चांदी होय, आणि ती फोटोच्या आतून चालत वर आलेली असते.

हे समजण्यासाठी कृष्णधवल फोटो कशाचा बनलेला असतो ते आधी पाहावे लागेल. त्यात शाई नसते. कागदावर बेरियम सल्फेटचा पांढरा थर असतो, त्यावर जिलेटिनचा जेमतेम दहा मायक्रॉन जाडीचा, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी पातळ थर असतो, आणि त्या जिलेटिनमध्ये शिऱ्यात बेदाणे असावेत तसे धातुरूप चांदीचे कण अडकलेले असतात. पोस्टकार्डाच्या आकाराच्या फोटोत सगळी मिळून वीसेक मिलिग्रॅमहून अधिक चांदी क्वचितच असेल. आपले पूर्वज ज्यावर टिकून आहेत तो ऐवज एवढाच.

चांदी असूनही ती काळी का दिसते, हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. छपाईच्या कागदावर सुरुवातीला सिल्व्हर ब्रोमाइड किंवा क्लोराइडचे स्फटिक असतात. स्फटिकावर प्रकाश पडला की त्यात चांदीच्या काही अणूंचा पुंजका तयार होतो; चार अणूंचा पुंजकाही पुरतो. डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या द्रावणात, बुडवल्यावर असा पुंजका असलेला संपूर्ण स्फटिक चांदीत बदलतो आणि नसलेला तसाच राहतो. मूठभर अणूंच्या इशाऱ्यावर अब्जावधी अणू हलतात, इतकी ही वाढ प्रचंड असते. या धांदलीत चांदी गुळगुळीत गोळीच्या आकारात जमत नाही. तिच्या बारीक तारा बाहेर फुटतात आणि एकमेकींत गुंततात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून हा कण भांडी घासायच्या तारेच्या घासणीसारखा दिसतो. त्या गुंतवळ्यात शिरलेला प्रकाश आत आपटत राहतो आणि बाहेर पडत नाही, म्हणून पाहणाऱ्याला काळा रंग दिसतो. तीच चांदी पुन्हा सपाट पसरली तर ती पुन्हा चांदीसारखी चमकेल, आणि पणजोबांच्या कोटावर नेमके हेच झालेले आहे.

आता मुख्य गोष्ट. चांदी हा सोन्याइतका उदासीन धातू नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड, ओझोन, नायट्रोजनची ऑक्साइडे यांपैकी कशाचाही अंश हवेत असला तर तो चांदीच्या अणूकडून एक इलेक्ट्रॉन काढून घेतो. शाळेच्या भाषेत चांदीचे ऑक्सिडीकरण होते आणि तिचा धनप्रभारित आयन तयार होतो. धातूचा कण जागचा हलत नाही, कारण तो जिलेटिनच्या मानाने अवाढव्य असतो. आयन मात्र एकटा, रंगहीन आणि पाण्यात विरघळणारा असतो. म्हणजे फोटोतला काळा रंग वाहणारी वस्तू अदृश्य आणि फिरती झाली. तिला फिरता येईल की नाही हे जिलेटिन ठरवते. जिलेटिन म्हणजे जनावरांच्या हाडांपासून आणि कातडीपासून काढलेले प्रथिन, ज्याच्या लांब साखळ्या एकमेकींत अडकलेल्या असतात. हवा कोरडी असेल तर या साखळ्या घट्ट व ताठ राहतात आणि आयनाला वाट मिळत नाही. दमट हवेत साखळ्यांमध्ये पाणी शिरते, थर फुगतो आणि त्या पाण्यातून आयन सरकू लागतात. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईची सापेक्ष आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर असते, तेव्हा कपाटातला प्रत्येक अल्बम हा आयनांसाठी पाणंद रस्ता झालेला असतो.

परंतु आयन सगळ्या दिशांना सरकत असतील तर चांदी नेमकी पृष्ठभागावरच का जमावी? मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत सुंदर वाटते ते याचेच उत्तर. आयन विसरणाने फिरतात, म्हणजे त्यांना दिशा कळत नाही; ते दाटीकडून विरळतेकडे जातात इतकेच. आता पृष्ठभागावर काय असते ते पाहा. तिथे प्रकाश असतो, आणि हवेतला हायड्रोजन सल्फाइड पहिल्यांदा तिथेच पोहोचतो. पृष्ठभागाजवळ आलेला आयन यांच्या तावडीत सापडतो. एक तर त्याला इलेक्ट्रॉन परत मिळून त्याची धातुरूप चांदी होते, म्हणजे त्याचे क्षपण होते, किंवा त्याचे सिल्व्हर सल्फाइड होते. दोन्ही पदार्थ घन आहेत, दोन्ही जागीच बसतात, आणि दोन्ही प्रसंगी पाण्यातला एक आयन कमी होतो. त्यामुळे पृष्ठभागाजवळ आयनांची संख्या कायम कमी राहते आणि आतून नवे आयन तिकडे येत राहतात. ज्या बाजारात माल खपतो त्या बाजाराकडे गाड्या वळाव्यात, त्यातला हा प्रकार आहे. गाडीवानाला नकाशा लागत नाही. वर्षानुवर्षे असे होत राहिले की पृष्ठभागावर चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचा एक सलग पापुद्रा तयार होतो आणि तो आरशासारखा चमकतो. कोटासारख्या गडद भागात चांदी मुळातच जास्त असते, म्हणून आरसा तिथे आधी दिसतो. कडेने हवा आधी शिरते, म्हणून कडाही आधी चमकतात. अल्बम बंद असताना पानाचा मधला भाग दोन्ही बाजूंच्या पानांनी दाबलेला असतो, म्हणून चेहरे बहुधा शाबूत राहतात. पणजोबांच्या फोटोभोवती वलय आले ते हवा चौकटीच्या कडांच्या फटींतून शिरल्यामुळे.

सगळेच आयन पृष्ठभागापर्यंत पोहोचत नाहीत. काही वाटेतच, आपल्या मूळ कणापासून थोड्या अंतरावर, पुन्हा धातू होतात आणि त्यांचे नवे, फार लहान, दहा-वीस नॅनोमीटरचे गोल कण बनतात. इथे वाचकाला जरा जास्तच खोलात नेल्याबद्दल क्षमा मागतो, पण पिवळेपणाचे रहस्य इथे आहे. एवढ्या लहान चांदीच्या गोळीतले सगळे मुक्त इलेक्ट्रॉन प्रकाशलहरीबरोबर एकसाथ हेलकावे घेतात, आणि या हेलकाव्याची वारंवारता नेमकी जांभळ्या-निळ्या प्रकाशाशी जुळते. झोक्याला त्याच्या लयीत धक्का मिळाला की तो जसा ऊर्जा गिळतो तशी ती गोळी ४०० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश गिळते आणि बाकीचा सोडून देते. पांढऱ्या प्रकाशातून जांभळा-निळा वजा झाला की डोळ्याला पिवळा दिसतो. म्हणजे धातू तोच, घासणीच्या आकारात काळा, गोळीच्या आकारात पिवळा आणि पापुद्र्याच्या आकारात आरसा. पुष्कळ रंगीत फिल्मांत निळा प्रकाश अडवण्यासाठी जो पिवळा थर देत असत तो याच गोळ्यांचा असे. कारखान्यात जे मुद्दाम केले जाई तेच जुन्या अल्बममध्ये पावसाळा फुकट करून देतो.

आता हे ऑक्सिडीकारक येतात कुठून? शहराच्या हवेतून तर येतातच, पण पुष्कळसे घरातच जन्मतात. वाळत असलेला तेलरंग, नवे लाकूड, स्वस्त पुठ्ठा यांतून पेरॉक्साइडे बाहेर पडतात. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत साठवलेल्या मायक्रोफिल्मांवर, म्हणजे कागदपत्रांचे अगदी लहान फोटो असलेल्या फिल्मांवर, बारीक लालसर-नारिंगी ठिपके सापडू लागले आणि काही काळ ही कुठली तरी बुरशी असावी अशी शंका होती. तपासाअंती दोष ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत फिल्म जपून ठेवल्या होत्या त्या खोक्यांतून निघणाऱ्या पेरॉक्साइडांवर आला; ठिपके म्हणजे वर वर्णन केलेले चांदीचे सूक्ष्म कण होते. आपल्याकडे लोक जपणूक म्हणून अल्बम नव्याने रंगवलेल्या लोखंडी कपाटात, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवतात, त्यातलाच हा मासला.

दुसरा शत्रू गंधक. देवघरातली चांदीची निरांजने काळी पडतात ती सिल्व्हर सल्फाइडमुळे, हे सर्वांना माहीत आहे. निरांजनाला घासून लख्ख करता येते, फोटोला नाही. फोटोतले गंधक पुष्कळदा स्टुडिओतूनच आलेले असते. डेव्हलप केल्यावर उरलेले सिल्व्हर ब्रोमाइड काढून टाकण्यासाठी फोटो ‘हायपो’त, म्हणजे सोडियम थायोसल्फेटच्या द्रावणात बुडवतात, हा पदार्थ चांदीचे क्षार विरघळवतो, हे इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्येच, म्हणजे फोटोग्राफी जाहीर होण्याच्या वीस वर्षे आधी, दाखवून दिले होते. नंतर हायपो धुऊन काढायचा असतो, आणि जाड कागदातून तो निघण्यासाठी तासभर वाहते पाणी लागते. ज्या गावात नळाला पाणीच तासभर येई तिथे स्टुडिओतली शेवटची धुलाई एका बादलीत उरकली गेली असेल, तर दोष कोणाला द्यावा? पण कागदात राहिलेला हायपो हळूहळू विघटित होत जातो, त्याचे गंधक चांदीला मिळते, आणि मग फोटो फिकट व मळकट पिवळा होत जातो. एकाच गावातल्या, एकाच वर्षीच्या दोन फोटोंपैकी एक कोळशासारखा काळा आणि दुसरा चहाच्या डागासारखा दिसतो, तो फरक बहुधा त्या बादलीतल्या पाण्याचा असतो. फोटोंच्या गठ्ठ्याला रबर बँड लावणारेही हेच काम करतात, कारण रबर टिकाऊ करण्यासाठी त्यात गंधक घातलेले असते.

आणि तरीही याच गंधकाने फोटो वाचवता येतो. छायाचित्रकार जो मुद्दाम ‘सेपिया’ रंग देत, त्यात फोटोतली चांदी ठरवून सिल्व्हर सल्फाइडमध्ये बदललेली असते. सल्फाइड झालेल्या चांदीने इलेक्ट्रॉन आधीच दिलेला असतो, त्यामुळे पेरॉक्साइडला तिच्याकडून घेण्यासारखे फारसे उरत नाही. हा बदल पूर्ण आणि जागच्या जागी झाल्यामुळे चित्राचा तपशील हलत नाही. उरलेल्या हायपोमुळे होणारा बदल अर्धवट, विखुरलेला आणि हलक्या छटांना आधी खाणारा असतो. मायक्रोफिल्म टिकवण्यासाठी पुढे पॉलिसल्फाइड या गंधकयुक्त रसायनाची प्रक्रिया सुचवली गेली ती याच न्यायाने. म्हणून आमच्या अल्बममध्ये जे दोन फोटो सर्वांत ‘जुने’, तपकिरी दिसत होते तेच सर्वांत ठणठणीत निघाले.

पण सगळाच तपकिरी रंग सेपियाचा नसतो. १८५० मध्ये फ्रान्समध्ये ब्लांकार-एव्रार यांनी अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेला कागद आणला आणि पुढची चाळीस वर्षे जग त्यावरच फोटो छापत होते. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली; डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या सभासदांपैकी एक नामवंत छायाचित्रकार होते. आपल्याकडचे त्या काळातले कागदी फोटो बरेचसे याच जातीचे. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या एका कारखान्यात १८८८ साली या कागदासाठी साठ लाखांहून अधिक अंडी फुटली. सोवळ्यातल्या कुटुंबांनी आपल्या पूर्वजांच्या ज्या तसबिरी देवघराशेजारी लावल्या त्या अंड्याच्या बलकात आहेत, हे कोणी त्यांना सांगितले नाही ते बरे झाले. या कागदावर डेव्हलपर वापरत नसत. सूर्यप्रकाशातच चित्र उमटे आणि त्यातले चांदीचे कण फार बारीक, गोल असत. म्हणून रंग तपकिरी. आणि कण जितका लहान तितका वस्तुमानाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग मोठा, म्हणून हे फोटो विरायलाही लवकर लागतात. शिवाय बलकात थोडी शर्करा असते. प्रथिन आणि शर्करा यांची जी अभिक्रिया तव्यावरच्या भाकरीला खरपूस डाग देते तीच या फोटोंच्या पांढऱ्या भागांना शंभर वर्षांच्या मंद आचेवर पिवळे करते.

जिलेटिनविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. प्रथिन असल्यामुळे ते जीवाणूंचे आणि बुरशीचे आवडते अन्न आहे, आणि ओले झाल्यावर ते पक्का गोंद होते. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या पुराने सांगलीतली घरे दिवसेंदिवस पाण्यात राहिली तेव्हा माझ्या आत्याच्या घरातला अल्बमही भिजला. पाणी ओसरल्यावर घरच्यांनी तो तसाच मिटून उन्हात ठेवला. चार दिवसांनी त्याची वीट झाली. ओले फोटो एकमेकांवर ठेवून वाळवले की जिलेटिन जिलेटिनला चिकटते आणि नंतर ते सोडवताना चेहरा समोरच्याच्या पाठीवर निघून येतो. त्याऐवजी ते स्वच्छ थंड पाण्यात बुडवून, सुटे करून, चित्राची बाजू वर ठेवून वाळवावेत. लगेच जमत नसेल तर पाण्यात दोन दिवसांहून अधिक न ठेवता पिशवीत घालून बर्फाच्या कप्प्यात ठेवावेत, म्हणजे जीवाणूंचे काम थांबते. जपानमध्ये मार्च २०११च्या त्सुनामीनंतर यामामोतो या किनाऱ्यावरच्या गावी स्वयंसेवकांनी चिखलातून निघालेले लाखो कौटुंबिक फोटो असे एकेक करून धुतले. त्यातल्या पुष्कळ फोटोंत जीवाणूंनी कडेपासून आत आत जिलेटिन खाल्लेले होते आणि मध्ये फक्त एखादा हात किंवा केकवरची मेणबत्ती उरलेली होती.

आता तो आजारी तिसरा अल्बम. रंगीत फोटोत शेवटी चांदी उरतच नाही. डेव्हलप करताना तिच्या जागी निळसर, किरमिजी आणि पिवळा असे तीन सेंद्रिय रंग तयार होतात आणि चांदी काढून टाकली जाते. १९७०च्या दशकातल्या कागदांतला निळसर रंग अंधारातही, नुसत्या उष्णतेने आणि दमटपणाने विघटित होत असे. तो उणावला की लालीचा पगडा बसतो, आणि म्हणून त्या दशकातल्या लग्नांत वऱ्हाडी, आंतरपाट आणि भटजी सगळेच आज लालभडक दिसतात. त्यात पानांची भर. त्या काळी आधुनिक म्हणून घेतलेल्या चिकट पानांचा गोंद कागदात मुरतो. वरचा पडदा पीव्हीसीचा असेल तर त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते आणि त्यातले तेलकट द्रव्य फोटोला चिकटते. काळ्या पानांचा, कोपऱ्यांचा ‘मागासलेला’ अल्बम म्हणूनच चाळीस वर्षांनी मोठा असूनही सरस निघाला. फोटोला गोंदापासून सोडवता येते, पण गेलेला रंग परत आणता येत नाही. फक्त उरलेल्याची गती कमी करता येते. तापमान पाच-सहा अंशांनी उतरले की ही अभिक्रिया साधारण निम्म्या वेगाने होते. तीस अंशांच्या घरातून दोन अंशांच्या शीतकक्षात नेले तर पाच वेळा निम्मे, म्हणजे आयुष्य तीसेक पट. कृष्णधवल फोटोंना इतकी थंडी लागत नाही. त्यांना अठरा अंशांच्या आसपास आणि आर्द्रता ३० ते ५० टक्के पुरते.

अभिलेखागारात फोटोजवळ येणाऱ्या प्रत्येक कागदाची एक परीक्षा होते, तिचा उल्लेख केल्याशिवाय मला राहवत नाही. जो कागद वापरायचा तो, जिलेटिनमध्ये चांदीचे अतिसूक्ष्म कण असलेल्या एका पट्टीला लावून, ७० अंश तापमानात आणि ८६ टक्के आर्द्रतेत पंधरा दिवस ठेवतात. पट्टीचा रंग बदलला की कागद नापास. पट्टीतली चांदी मुद्दाम तीच पिवळी, लहान कणांची निवडलेली असते, कारण सर्वांत आधी बळी पडते ती. बाजारात ‘आम्लमुक्त’ असा छापील शिक्का मारून विकले जाणारे सगळेच कागद या परीक्षेत उतरत नाहीत.

अल्बम देण्याला घरातून विरोध झाला तो दोन बाजूंनी. पूर्वजांचे फोटो घराच्या दक्षिण भिंतीलाच हवेत, ते घराबाहेर गेले तर वास्तुदोष लागतो, असे एकाने सांगितले. आमचे घर कोकणात आहे, जिथे नैर्ऋत्येचा पाऊस चार महिने दक्षिण आणि पश्चिम भिंतींनाच झोडपतो आणि पोपडे धरलेली ओली भिंत तीच असते. तिथे टांगलेल्या तसबिरीत आयनांच्या दृष्टीने वास्तुदोष आहे, हे मी मान्य केले. दुसरा विरोध भाच्याचा. त्याने आजीचा फोटो कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका ॲपमधून रंगीत करून कुटुंबाच्या व्हॉट्सॲपवर टाकला होता आणि आता मूळ फोटोची गरजच काय, असा त्याचा प्रश्न होता. त्या रंगीत चित्रात आजीचे लुगडे काळपट राखाडी आहे. घरातल्या सर्वांना ते डाळिंबी होते हे माहीत आहे. १८७३ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेरमान फोगेल यांनी रंगद्रव्ये मिसळून फोटोच्या काचेच्या प्लेटना हिरवा प्रकाश ‘दाखवायला’ सुरुवात केली, तरी त्यानंतर बराच काळ ज्या ऑर्थोक्रोमॅटिक प्लेट प्रचारात होत्या त्यांना लाल दिसत नसे. म्हणून त्या काळच्या फोटोंत लाल कुंकू काळे आणि डाळिंबी लुगडे काळपट येते. ॲपने ही उणीव रंगच समजून घेतली, आणि पदराचा जो काठ आरशासारख्या चकाकीखाली झाकला गेला होता तिथे स्वतःच्या मनाने बुट्टे काढून दिले. मूळ फोटोत, तिरप्या उजेडाची दिशा बदलत पाहिल्यावर, तिथे रुईफुलाचा काठ दिसतो.

ती चकाकी पुसून टाकता येईल का, असे मी बाईंना विचारले. काही जण रबराने घासून ती काढतात, असे त्या म्हणाल्या, पण वर आलेली चांदी ही त्याच कोटातून आणि त्याच पदरातून निघालेली आहे, म्हणजे पुसली जाते ती चित्राचीच चांदी. म्हणून त्यांनी ती तशीच ठेवली. पहिल्या अल्बमची पाने जशीच्या तशी, क्रम न बदलता, परीक्षेत उतरलेल्या पातळ कागदाच्या घड्यांनी वेगळी केली. त्यातला कोळ्याच्या जाळ्याचा कागदही, तो आता आम्लधर्मी झाला असल्यामुळे, फेकून न देता वेगळ्या पाकिटात त्याच क्रमांकाने ठेवला. आग्फाचे चौकोनी फोटो खोक्यात गेले. लग्नाच्या अल्बममधल्या बेचाळीस फोटोंपैकी अडतीस दंतधाग्याने गोंदावरून सोडवता आले. चार पानांसकट कापून घ्यावे लागले आणि ते आता बाकीच्यांबरोबर दोन अंशांवर आहेत.